आधी कालवा, मग धबधबा

आमच्या घरमालकांना धबधबा अजिबात आवडत नसे.

हे आधीच सांगून टाकते, कारण हर्नडनमधल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारलंत तर तो शपथेवर सांगेल, की या घरमालक काकांइतकं धबधब्याचं वेड अख्ख्या व्हर्जिनियात कुणाला नव्हतं. त्याचंही काही चुकत नाही. कुणाचे आईवडील सहा महिन्यांसाठी आलेत, कुणाचा मावसभाऊ ऑफिसच्या कामाला आलाय, असं नुसतं कानावर पडायचा अवकाश, की पाहुण्याची जेटलॅगची झोप पुरी व्हायच्या आत काकांचा फोन गेलाच म्हणून समजा.

"धबधबा पाहिला का? नाही? शनिवारी सकाळी तयार राहा. बूट घाला. चपला चालणार नाहीत."

पोटोमॅक नदीवरचं ते ग्रेट फॉल्सचं पार्क आमच्यापासून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत. पण काकांना तिथं नेऊन जे दाखवायचं असायचं, ते म्हणजे धबधब्याच्या बाजूचा कालवा. कोरडा, गवत माजलेला, दगड निखळलेला, दोनशे वर्षांहून जुना कालवा. पूर्वी या नदीतून मालाच्या होड्या यायच्या. धबधब्यातून होडी नेली तर तिचं सरपण व्हायचं, म्हणून शेजारून कालवा खणून होड्या पायरीपायरीनं खाली उतरवायची सोय केलेली.

"धबधब्याचं काय कौतुक?" काका म्हणायचे. "पाणी आहे, उंचावर आहे, पडतंय. न पडून सांगतंय कुणाला? कालवा बघा! माणसानं पाण्याला सांगितलं, बाबा रे, असा धडपडत येऊ नकोस. इकडून ये, सावकाश ये, जिना उतरून ये. आणि पाणी आलं! सांगा आता, टाळ्या कुणाला वाजवायच्या?"

काका मूळचे पुण्याचे. इथल्या सरकारी कचेरीत आयुष्यभर पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटारांचे नकाशे काढले. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या डोक्यात साठलेलं सगळं पाणी मोकळं झालं आणि ते आम्हां भाडेकरूंच्या अंगावर आलं.

मी आणि माझा नवरा नागपूरहून आलो, त्यांचं बेसमेंट बघायला गेलो. आम्ही नोकरीची पत्रं, व्हिसाचे कागद सगळं घेऊन सज्ज. काकांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "अंबाझरी तलावाचा सांडवा कुठल्या बाजूला आहे?"

नवरा गडबडला. जन्म नागपुरात गेला, पण हा प्रश्न त्याला मुलाखतीत कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "जिकडं भजी मिळतात त्या बाजूला."

काका माझ्याकडे रोखून बघत राहिले. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अहो, यांना चहा द्या. घर यांना दिलं."

आतून काकूंचा आवाज आला, "बिचारे."

तो 'बिचारे' कशासाठी होता ते मला पहिल्या शनिवारी कळलं.

काकांची सहल म्हणजे एक नाटक होतं आणि त्याचा वेश ठरलेला होता. खिसेच खिसे असलेली खाकी विजार, नारिंगी टोपी, हातात काळी छत्री, खांद्याला पितळी कडीचा तीन पुडांचा डबा. पार्कमध्ये गाडी लावली की धबधबा तिथून चालत जेमतेम पाचेक मिनिटांवर. त्याचा आवाज गाडीचं दार उघडताच कानात शिरतो. मोठ्या कढईत कुणीतरी सतत तळण सोडतंय असा. पाहुणे साहजिकच आवाजाच्या दिशेनं चालायला लागत. की काकांची छत्री आडवी!

"अंहं! डावीकडे बघायचं नाही. आधी कालवा, मग धबधबा."

आणि वरात निघायची उलटीकडे. धबधबा डाव्या अंगाला झाडांमागे गर्जतोय, आणि पाहुणे मान उजवीकडे वळवून कोरडा खड्डा बघताहेत. झाडांमध्ये जिथं जरा फट असेल तिथं काका छत्री उघडून पडदा धरायचे. पुढं कालवा, मग एका मोडक्या गावाचे चौथरे, मग कड्यात सुरुंगाची दारू ठासून फोडलेली वाट. दीड-दोन तासांनी परत येताना शेवटी एकदाचा धबधबा. तेव्हा काका छत्री मिटायचे आणि नाक मुरडून म्हणायचे, "हं. बघा आता तुमचं पाणी."

माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा अशाच मान वाकडी करून दोन तास चालल्या. घरी आल्यावर मला हळूच म्हणाल्या, "मी चोरून पाहिला गं. त्यांची छत्री जुनी आहे. भोक आहे तिला."

त्या डब्यात जेवण नसायचं, हे पाहुण्यांना उशिरा कळायचं. कालव्याच्या काठावर बसून काका डब्याची तीन पुडं दगडांवर पायऱ्यांसारखी मांडायचे. तिन्हींत पाणी. वरच्या पुडात अक्रोडाच्या अर्ध्या टरफलाची होडी आणि होडीत एक भाजलेला शेंगदाणा.

"हा कोण?" काका विचारायचे.

"शेंगदाणा," पाहुणे सांगायचे.

"हे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष. एक डॉलरच्या नोटेवर असतात तेच. कालव्याची कंपनी त्यांची."

मग रबरी नळीनं एका पुडातलं पाणी दुसऱ्यात सोडत, पातळी सारखी करत, चिमट्यानं होडी पुढं सरकवत राष्ट्राध्यक्ष महाराज खाली उतरायचे. त्या खेळात खरोखर मजा होती. कालव्याचं लॉक म्हणजे काय, ते मला कॉलेजात कळलं नव्हतं, इथं पाच मिनिटांत कळलं. शेवटच्या पुडात होडी पोचली की काका आवाज उतरवायचे. "पण कालवा पुरा झालेला त्यांनी पाहिला नाही. त्याच्या आधीच ते गेले." आणि सगळे क्षणभर गप्प. सासूबाई आल्या त्या दिवशी त्या शांततेत 'कुटुक' असा आवाज झाला. सासूबाई सकाळपासून उपाशी होत्या. त्यांनी राष्ट्राध्यक्ष खाऊन टाकले होते.

काका भडकले नाहीत. खिशातून दुसरा शेंगदाणा काढत म्हणाले, "हरकत नाही. दुसरी निवडणूक घेऊ."

काकांना बुडालेल्या गोष्टींचं फार प्रेम. कालव्याची कंपनी बुडाली. त्याच्या काठचं गाव ओस पडलं. पुढं शंभर वर्षांनी वॉशिंग्टनहून ट्रॉली, म्हणजे विजेची ट्राम, यायला लागली, लोक नटूनथटून सहलीला यायचे, नाच चालायचे, लाकडी घोड्यांचं गोल फिरणारं चक्र होतं. ते चक्रही पुरात गेलं. हे सगळं काका अशा थाटात सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, यांची बालपणीची संपत्ती गेलीय.

पार्कच्या माहितीकेंद्राजवळ एक खांब आहे. कुठल्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं त्याच्या खुणा त्याच्यावर आहेत. काका प्रत्येक पाहुण्याला त्या खांबाला पाठ लावून उभं करायचे, आपल्याकडे पोरांची उंची भिंतीवर मोजतात ना, तसं. "वहिनी, या पुरात तुम्ही गळ्यापर्यंत. या पुरात गेलात. आणि या वरच्या पुरात भाऊसाहेबांच्या खांद्यावर उभ्या राहिला असतात तरी गेलाच होतात. दोघंही." पाहुणे तिथं काढलेले फोटो नागपूर-पुण्याला पाठवायचे. खाली काकांनी सांगितलेली ओळ लिहून: 'आम्ही इथं बुडालो असतो.'

पार्कमधल्या बाकीच्या मंडळींशी त्यांचं कायमचं वाकडं. धबधब्यात एकेकट्यानं रंगीत कयाक होड्या घालणारी तरणी पोरं दिसली की ते कळवळायचे. "अरे, तुमच्या सोयीसाठी एवढा कालवा खणून ठेवलाय, आणि तुम्ही मुद्दाम तिथूनच जाताय?" कड्यावर दोर लावून चढणाऱ्यांना ते खालून इंग्रजीत हाका मारायचे, की तिकडं नीट पायवाट आहे. एक जण वरूनच "थँक यू, सर!" म्हणाला, तर काका दिवसभर खूश. आणि पार्कची रेंजर बाई तिची सहल घेऊन निघाली की काका शेपटाला जाऊन उभे राहायचे आणि तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावून मोठ्यानं म्हणायचे, "करेक्ट." ती बिचारी शेवटी शेवटी एक वाक्य संपलं की आपणच थांबून काकांकडे बघायला लागली होती.

हे सगळं खरं. पण सगळ्या हर्नडनला धबधबा दाखवणाऱ्या या माणसाच्या बायकोनं तो धबधबा पाहिलेला नव्हता.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पोळी लाटत होते, ती तशीच राहिली.

"काकू, काहीतरीच काय! तीसेक वर्षं इथं राहताय."

"मी ऐकलाय," काकू म्हणाल्या. "पाहिला नाही."

काकू एका शाळेच्या लायब्ररीत होत्या. लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवण्याचं काम. बाहेर गोष्टी सांगून येत, म्हणून की काय, घरी मोजकं बोलत. झालं होतं असं, की लग्न होऊन त्या इथं आल्या त्या हिवाळ्यात काका त्यांना धबधबा दाखवायला घेऊन गेले. दुपारची वेळ. तेव्हाही आधी कालवाच. नवी नवरी, अंगावर उसना कोट, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि काका एका दगडाजवळून हलायला तयार नाहीत. कंपनी स्थापन झाली, खोदकाम सुरू झालं, मजूर पळाले, पुन्हा आले. मोडक्या गावापाशी तर काकांना भरूनच आलं. ते गाव एका सेनापतीनं वसवलं आणि आपल्या बायकोचं नाव त्याला दिलं.

"बायकोच्या नावानं अख्खं गाव!" काका काकूंना म्हणाले.

काकूंनी चौथऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "टिकलं नाही पण."

कालवा संपवून परत फिरले तोवर हिवाळ्यातला तो पाचाचा अंधार. पार्क बंद व्हायची वेळ. रेंजरनं टॉर्च हलवत सगळ्यांना गाड्यांकडे पिटाळलं. धबधबा तिथंच, झाडांपलीकडे गरजतोय, आणि काकू काळ्या अंधाराकडे बघत उभ्या.

गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुम्ही गप्प बसणार असाल तर येईन."

पुढची वेळ आली नाही. दर वर्षी काका म्हणायचे, "चल." काकू विचारायच्या, "गप्प बसाल?" काका म्हणायचे, "इतिहास न सांगता धबधबा दाखवू? म्हणजे नवरदेव नसलेलं लग्न!" आणि विषय संपायचा. दोघंही त्या बाबतीत खांबासारखे. पूर चढले, उतरले, हलले नाहीत.

मी एकदा म्हटलं, "काकू, मी नेते तुम्हाला. गुपचूप. काकांना सांगायचंच नाही."

काकू माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी परपुरुषाबरोबर सिनेमाला जायचं सुचवलंय. "त्यांचा धबधबा त्यांना घरी बसवून बघू? शोभतं का ते? त्यांनीच दाखवला पाहिजे." मग भाकरीच्या पिठात पाणी घालत म्हणाल्या, "फक्त तोंड मिटून."

मग काकांच्या मुलानं मिशिगनमधल्या ॲन आर्बरला मोठं घर घेतलं आणि आईबाबांनी आता तिकडंच यायचं, असा हट्ट धरला. गुडघे दोघांचेही बोलायला लागले होते. हर्नडनचं घर विकायचं ठरलं. दिवाळीच्या आत निघायचं.

काका खोकी भरताना मध्येच थांबायचे. मला म्हणाले, "सगळ्यांना दाखवला गं. रेंजरसुद्धा म्हणते, तुम्ही आमच्याहून जास्त माणसं आणलीत. आणि हिनं नाही पाहिला. आता तिथं मिशिगनमध्ये काय, सगळं सपाट." एवढं बोलून ते खोक्याला चिकटपट्टी लावायला लागले. गरजेपेक्षा फारच जास्त पट्टी लावली.

वाट काढली ती आषाढी एकादशीनं. या घरात चातुर्मासाचे नेम असायचे. काकूंचे खरे. कधी वांगं सोडायच्या, कधी जेवताना मौन. काकांचे नेम निव्वळ लबाडी. 'चार महिने कारलं खाणार नाही.' कारलं ते जन्मात खात नसत. 'चार महिने पत्ते नाही खेळणार.' खेळायला कुणी बोलवतच नसे. पण एक होतं, घेतलेला नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. देवापुढं पाणी सोडून घेतलेला शब्द म्हणजे काकांच्या लेखी धरणाची भिंत.

त्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी वाढताना काकू म्हणाल्या, "यंदा तुमचा नेम मी सांगते. पार्कच्या फाटकातून आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत मौन. बाकी कुठंही, कितीही बोला."

काकांचा घास हातातच राहिला. "एक शब्दही नाही?"

"एक शब्दही नाही. निघायच्या आधी मी एकदा येईन तुमच्याबरोबर. तुम्ही बोललात, की मी असेन तिथून मागं फिरेन. मग आपण मिशिगनला."

काकांनी माझ्याकडे मदतीसाठी बघितलं. मी खिचडीकडे बघितलं. मग काका उठले, हात धुऊन देवघरात गेले आणि पळीभर पाणी सोडून आले. चेहरा असा, की शिक्षा ऐकून आलेत.

"पण सराव केलेला चालेल ना?" त्यांनी विचारलं. "सरावात मोडला तर तो मोडला धरायचा नाही."

"देवाला विचारा," काकू म्हणाल्या. देव काही बोलला नाही. काकांनी तो होकार धरला.

सरावाला मला जावं लागलं, कारण गाडी चालवताना काका रस्त्याच्या कडेची गटारं बघत बसतात. पहिल्या सरावाला तोंडात लवंग धरून निघाले. फाटकाच्या केबिनमध्ये नवीन मुलगी होती. तिनं हसून विचारलं, "गुड मॉर्निंग! फर्स्ट टाइम हिअर?"

फर्स्ट टाइम! काकांना! लवंग डॅशबोर्डवर जाऊन पडली आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजेपर्यंत त्या मुलीला कालव्याची पूर्वपीठिका कळली.

दुसऱ्या सरावाला मी त्यांना डोळे मिटायला लावून फाटकातून आत नेलं. मोडक्या गावापर्यंत ठीक गेलं. तिथं एक गृहस्थ मुलांना सांगत होता, की हा जुना तुरुंग होता. काका थरथरायला लागले. मी त्यांचा हात घट्ट धरला. तो गृहस्थ पुढं म्हणाला, "मे बी अ फोर्ट." संपलं.

तिसऱ्या वेळी पुराच्या खांबापाशी एक पोरगा मैत्रिणीला म्हणाला, "एवढ्या वर पाणी येतं होय! कुणीतरी गंमत केलीय." काकांनी त्या पोराला खांबाला पाठ लावून उभंच केलं.

परत येताना काका खचून बसले होते. "नाही व्हायचं गं माझ्यानं. ती मागं फिरेल. पुन्हा नुसतं ऐकूनच जाईल."

शेवटी निघायच्या आदल्या रविवारचा दिवस ठरला. ऑक्टोबर, झाडं पिवळी-लाल झालेली. आम्ही सकाळी लवकर निघालो. गाडी मी चालवत होते, काकू माझ्या शेजारी, नवे बूट घालून. काका मागच्या सीटवर मधोमध. डबा नाही, छत्री नाही. हात मांडीवर. फाटकाच्या आधी शेवटच्या वळणावर ते इतकं भरभर बोलले, की मला एक शब्द कळला नाही. मग फाटक आलं आणि शांत.

केबिनमध्ये तीच मुलगी. "फर्स्ट टाइम हिअर?"

मी आरशातून मागं बघितलं. काकांनी डोळे घट्ट मिटले होते.

"सेकंड," काकू म्हणाल्या.

गाडी लावली, उतरलो. काकूंनी इकडेतिकडे काही बघितलं नाही, आवाजाच्या दिशेनं सरळ चालायला लागल्या. काका त्यांच्या मागून. कालव्याची वाट लागली तशी त्यांची मान तिकडं वळली, पाय वळले नाहीत. काही मिनिटांत आम्ही कठड्याशी होतो. एवढंच अंतर होतं ते.

पोटोमॅक तिथं एका पडद्यासारखी पडत नाही. एवढी रुंद नदी येते आणि काळ्या खडकांत फुटते, दहा वाटांनी घुसते, आपटते, पांढरी होते, पुन्हा एकत्र येते आणि हिरवीगार होऊन खाली घळीत शिरते. खडकावर एक बगळा एवढ्या गोंधळात एका पायावर उभा होता. काकूंनी पर्स माझ्या हातात दिली. दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि बघत राहिल्या.

काका धबधब्याकडे बघतच नव्हते. ते काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होते. दहावीच्या निकालाच्या दिवशी पोरं फळ्याकडे बघतात तसे. बऱ्याच वेळानं काकूंनी त्यांच्याकडे मान वळवली. काकांनी भुवया उंचावून विचारलं, कसा आहे?

"बरा आहे," काकू म्हणाल्या. मग पुन्हा पाण्याकडे बघून, "आवाज तोच आहे."

आणि इथं घात होणार होता. आमच्या शेजारी एक अमेरिकन बाप दोन मुलींना घेऊन उभा होता. मुली धबधब्याला कंटाळल्या होत्या. धबधब्याचं काय कौतुक, असं काका म्हणतात ते अगदीच खोटं नाही. बापानं मागच्या झाडीत दिसणाऱ्या दगडांच्या रांगेकडे बोट दाखवलं आणि थेट काकांनाच विचारलं, "एक्स्क्यूज मी, ते मागं काय आहे, तुम्हाला काही माहीत आहे का?"

काकांचं तोंड उघडलं. मी बघितलं, उघडलं! छाती भरली, हात वर गेला. तीस वर्षं तयार असलेला माणूस, आणि समोरून आपण होऊन आलेला प्रश्न!

"मी सांगते," काकू इंग्रजीत म्हणाल्या, आणि काका आणि तो बाप यांच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

लायब्ररीतल्या त्या काकू मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्या मुलींच्या उंचीला वाकल्या आणि आवाज एकदम बदलला. फार फार वर्षांपूर्वी नदीनं होड्यांना सांगितलं, मी तुम्हाला जाऊ देणार नाही. होड्या बिचाऱ्या काय करणार? मग या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणाला, चला, आपण पाण्यासाठी जिना बांधू. काकूंनी हातांनी जिना केला, एक तळवा वर, एक खाली, पाणी भरलं, दार उघडलं, होडी उतरली. मजूर पळाले, पुन्हा आले. कडा फुटला, धाडकन! मुलींनी कानांवर हात ठेवले. एकही गोष्ट सुटली नाही, एकही मागं-पुढं झाली नाही. जेवणाच्या ताटावर, भांडी घासताना, पाहुण्यांच्या चहात, जे जे काका वर्षानुवर्षं भिंतीशी बोलल्यासारखे बोलत आले होते, ते सगळं भिंतीनं जपून ठेवलं होतं.

"आणि एका सेनापतीनं इथं गाव वसवलं, बायकोच्या नावानं."

"अजून आहे?" धाकटीनं विचारलं.

"पडलं," काकू म्हणाल्या. "पण त्यानं बांधलं होतं."

काका आता खाली स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

मग ट्रॉली आली, नाच आले, गोल फिरणारं चक्र आलं. इथं काकू क्षणभर थांबल्या. डोळ्याच्या कोपऱ्यातून काकांकडे एक नजर टाकली. ती नजर मी ओळखते. आमटीत मीठ नाही हे माहीत असताना पाहुण्याचा पहिला घास बघण्याची ती नजर.

"त्या चक्रावर," काकू म्हणाल्या, "लाकडी हत्ती होते. मोठे, सोंड वर केलेले. मुलं हत्तींवर बसून गोल गोल फिरायची."

हत्ती!

काका ताडकन ताठ झाले. चेहरा टोपीच्या रंगाचा. गालांचे फुगे. दोन्ही हातांनी त्यांनी कठडा असा धरला, की मला वाटलं कठडा उपटून आता नदीत टाकतात. मुली विचारत होत्या, किती मोठे हत्ती, कुठल्या रंगाचे, आणि काकू शांतपणे सांगत होत्या, एक निळा, एक गुलाबी. काकांच्या घशातून सोडा वॉटरची बाटली हळूच उघडावी तसा आवाज आला. पण शब्द आला नाही. पुरात हत्ती वाहून गेले, मुलींनी हळहळ केली, बापानं आभार मानले, मंडळी दगड बघायला पळाली. शब्द आला नाही.

काकूंनी माझ्याकडून पर्स घेतली. "चला," म्हणाल्या. "पाहिला."

आम्ही गाडीकडे निघालो. कालव्याच्या वाटेवरून जाताना काका एकदा रेंगाळले, पण काकू पुढं गेल्या होत्या. बाहेर पडायच्या रस्त्याला लागलो तेव्हा समोरून आत येणाऱ्या गाड्यांची रांग पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेली होती. फाटक ओलांडलं. नेम सुटला. मी कानांची तयारी करून बसले, आता धरण फुटणार.

काही नाही. मागच्या सीटवर शांतता. मोठ्या रस्त्याचा सिग्नल आला, लाल झाला. मीच म्हटलं, "काका, सुटलं मौन. बोला की आता."

काकांनी घसा साफ केला.

"हत्ती नव्हते," ते म्हणाले.

"माहीत आहे मला," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "घोडे होते."

सिग्नल हिरवा झाला. मी हर्नडनकडे वळायला लागले, तर काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"तिकडं कुठं? फिरव गं गाडी. कालवा राहिलाय."

"पण काकू, नेम..."

"पार्कच्या फाटकातून आत गेलं की मौन, असा नेम आहे. रांग फाटकाच्या बाहेर आहे." मग मान मागं न वळवता, "अहो, सुरू करा. वेळ कमी आहे."

मी गाडी फिरवली आणि रांगेच्या शेवटाला जाऊन लावली. काका पुढं सरकून आमच्या दोन सीटांच्या मध्ये डोकं घालून बसले. रांग लांब होती, मुंगीच्या पावलानं सरकत होती. आणि तरीही, आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा कालव्याचं खोदकाम नुकतंच कुठं सुरू झालं होतं.

काकूंनी एकदा फाटकाकडे बघितलं, एकदा काकांकडे.

"बाजूला घे गाडी," त्या मला म्हणाल्या. "पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊ."